गच्चीचं पाणी आणि चौदा वर्षांचा हिशेब: पाचपैकी साडेतीन तारे

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या आणखी एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला भाजीच्या गाडीपाशी गाठलं. "काकू, तुमच्या रेनवॉटरचा अनुभव कसा आहे?" असं विचारणारे हे तिसरे. आधीच्या दोघांना मी तोंडी सविस्तर सांगितलं होतं, आणि दोघांच्याही लक्षात फक्त खर्चाचा आकडा राहिला. म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवायच्या आमच्या यंत्रणेबद्दल आता एकदाच लिहून काढते.

मी सोसायटीची खजिनदार. ३१ वर्षं विम्याच्या कचेरीत हिशेब पाहिले, निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. आमची इमारत पुण्यातल्या धनकवडीच्या चढावर, १९९८ ची. तीन मजले, ३२ घरं, लिफ्ट नाही. गच्ची ५४० चौरस मीटर. ही मी स्वतः टेप धरून मोजलेली आहे, कारण तीन कोटेशनमध्ये तिची तीन वेगवेगळी मापं लिहून आली होती.

ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांच्याशी साडेसहा हजारांचा एक वाद मिटायचा आहे, आणि तो चालू असताना नावानिशी लिहिणं मला बरोबर वाटत नाही. माणूस भला आहे. हिशेब लांबतात ते भल्या माणसांशीच.

हे करावंसं वाटलं त्याला दोन कारणं होती. एक टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात फेब्रुवारी ते मे आम्ही ७४ टँकर मागवले. १० हजार लिटरचा एक, ११०० रुपयांना. म्हणजे ८१,४०० रुपये पाण्यात, तेही खरोखरच्या. चढावरच्या इमारतींना नळाचं पाणी शेवटी पोचतं आणि आधी जातं, हे इकडच्या कुणालाही सांगायला नको.

दुसरं कारण आंबील ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला जे कोसळलं ते आम्ही गच्चीच्या जिन्यात उभं राहून पाहिलं. आमच्या दारातून पाणी गेलं, पायऱ्या बुडल्या नाहीत, दोन दुचाकी आडव्या झाल्या, तेवढ्यावर निभावलं. पण ते पाणी खाली कुठे गेलं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, संगीता कामाला आली नाही तेव्हा. ती माझ्याकडे २००८ पासून येते. ओढ्याच्या कडेला पद्मावतीच्या खालच्या अंगाला तिचं घर. चार दिवसांनी आली ती पोराची दहावीची पुस्तकं वाळत घालायला जागा मागत. गव्हाची कोठी आडवी होऊन तरंगत होती म्हणाली. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत तर त्या रात्री भिंत पडून माणसं गेली. आमच्या गच्चीवरचं पाणी त्याच ओढ्यात उतरतं. शाळेत भूगोलात पाणलोट क्षेत्र शिकले होते, पण माझी गच्चीही कुणाच्या तरी पाणलोटात आहे असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तर, कोटेशनं. पहिले गृहस्थ गाडीतून उतरलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. खालूनच इमारतीकडे बघून म्हणाले, एक लाख पाच हजार, आठ दिवसांत काम, मिळकतकरात सवलत नक्की. पाणी कुठे मुरवणार, विचारलं तर "खड्डा करून देऊ ना" म्हणाले. दुसऱ्यांनी नवी बोअर घ्यायला सांगितली आणि तीही तीनशे फूट. बोअर मारणाऱ्यांशी त्यांचं साटंलोटं असावं, असा माझा कयास. तिसरा मुलगा पस्तिशीचा. त्याने आधी आमची जुनी बोअर बघायला मागितली, झाकण काढलं, दोरीला दगड बांधून सोडला आणि "मॅडम, पाणी ९६ फुटांवर आहे" असं सांगितलं. १८० फुटांच्या त्या बोअरला गेल्या दहा वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. मग त्याने आमच्याच खर्चाने एक टँकर त्या बोअरमध्ये ओतून पाहिला. १० हजार लिटर आत जायला जवळजवळ सात तास लागले. सात नंबरचे काका पार्किंगमध्ये उभं राहून "विकतचं पाणी जमिनीत घालताहेत" म्हणत होते. मला मात्र हाच माणूस पटला. १,६२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १,९१,१६०. पहिल्यापेक्षा खूप महाग, पण पहिल्याने पाण्याला हातच लावला नव्हता.

काम टँकर येत असतानाच, २०२४ च्या एप्रिल-मे मध्ये झालं, तीन आठवड्यांचं पाच आठवड्यांत. गच्चीवरून उतरणारे सहा पाइप होते. त्यातले चार जोडले, दोन मागच्या बाजूचे लांब पडत होते म्हणून सोडले. (हे कोटेशनमध्ये नव्हतं. मी हटकल्यावर तेही पाच हजारांत जोडून दिले. मोजायला शिका.) पाइप जमिनीलगत एका चेंबरमध्ये येतात. तिथे पहिल्या पावसाचं, धुळीचं आणि पारव्यांच्या घाणीचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह. पुढे जाळीची गाळणी, आणि मग दोन मीटर लांब, दोन रुंद, तीन खोल असा खड्डा: तळाला गोटे, वर खडी, त्यावर वाळू. खड्ड्यातून गाळलेलं पाणी बोअरच्या केसिंगला, म्हणजे आतल्या पाइपला, पाडलेल्या भोकांतून आत. गवंडी तुळजापूरकडचे होते. खड्ड्यातला मुरूम संपून काळा दगड लागला तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्या गवंड्याने हात टेकून सांगितलं, "बाई, ह्यात पाणी मुरत न्हाई, ह्याच्या फटीत मुरतं." हेच मला नंतर एका भूजलवाल्या बाईंनी अर्धा तास बोलून समजावलं. पुणं उभं आहे ते बेसाल्टवर, लाव्हाच्या थरांवर. वाळू पिते तसा हा दगड पाणी पीत नाही. वरचा कुजका भाग, भेगा, दोन थरांमधली सांध, एवढ्यातच पाणी राहतं आणि तिथूनच सरकतं. आपली बोअर अशा एखाद्या सांधेला लागली असेल तर नशीब.

कामाला पूर्ण गुण. चेंबरची झाकणं बसतात, पाइपांना रंग दिलाय, उतार बरोबर आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कुठे धक्का लावला नाही. जाताना त्याने मला एक टेप आणि दगड दिला आणि म्हणाला, "दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजा." सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी वस्तू ही. फुकट मिळाली.

आता आकडे. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७२० मिलिमीटर. ५४० चौरस मीटर गच्ची, थोडं उडून-सांडून जातं म्हणून ८० टक्के धरा. होतात ३ लाख ११ हजार लिटर. कोटेशनमध्ये हा आकडा ठळक अक्षरांत होता आणि खाली "टँकरमुक्त सोसायटी" असं लिहिलं होतं. सर्वसाधारण सभेत टाळ्याही पडल्या. मी घरी येऊन भागाकार केला. ३२ घरं, घरी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी मापदंड. रोजचे १७,२८० लिटर. म्हणजे अख्ख्या वर्षाचं हे पाणी, त्यातला एक थेंबही आणखी वाया न घालवता धरलं तरी, आम्हाला १८ दिवस पुरतं. किंवा ३१ टँकर. "टँकरमुक्त" हा शब्द कोटेशनमधून काढायला लावा. मी लावला.

पहिल्या पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी ऑक्टोबरमध्ये ३४ फुटांवर आलं. आनंद झाला. मग शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विनवून त्यांच्या बोअरमध्ये दगड सोडला. त्यांनी काहीच केलेलं नाही. त्यांचं पाणी ४० फुटांवर. २०२४ चा पाऊसच चांगला झाला होता. तेव्हा त्या ६२ फुटांमधले आमच्या खड्ड्याचे किती आणि वरुणराजाचे किती हे मी सांगू शकत नाही, आणि जो कुणी छातीठोक सांगेल त्याच्याकडून काम करून घेऊ नका. शिवाय आमच्या बोअरमध्ये गेलेलं पाणी आमचंच राहतं असंही नाही. दगडाच्या सांधेला कंपाउंडची भिंत माहीत नसते. सात नंबरच्या काकांना हे कळल्यापासून ते शेजाऱ्यांकडून वर्गणी मागायची म्हणताहेत.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर लागले ६१. तेरा कमी. १४,३०० रुपये वाचले. मिळकतकराची सवलत धरली, वार्षिक देखभालीचे सहा हजार वजा केले, तर वर्षाकाठी हातात साधारण १३,७०० रुपये राहतात. एक लाख एक्याण्णव हजारांना भागा. चौदा वर्षं. रामाचा वनवास.

सवलतीबद्दल थोडं. पुणे महापालिका पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत आणि सौरऊर्जा यांपैकी एक यंत्रणा असेल तर सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सूट देते. ऐकायला छान आहे, पण लक्षात घ्या: सूट सर्वसाधारण करावर, सगळ्या बिलावर नव्हे. माझ्या घरी वर्षाला १७० रुपये वाचतात. ३२ घरांचे ५,४४०. पुणेकराला राहत्या घराच्या ४० टक्के सवलतीचा पीटी-३ अर्ज तोंडपाठ असतो, पण या ५ टक्क्यांसाठी धावपळ करायला कमिटीतलं कुणी तयार नव्हतं. मी केली. पाहणीला एक तरुण आला, गच्ची चढला, पाइपांचे, चेंबरचे, खड्ड्याचे फोटो काढले, बोअरचं झाकणही उघडून पाहिलं. काम नीटच केलं त्याने. मी माझी वही पुढे केली, महिन्यागणिक पाण्याच्या पातळ्या लिहिलेली. तो हसून म्हणाला, "मावशी, हे लागत नाही."

ते वाक्य अजून डोक्यात आहे. पाइप आहे का, हे पाहायला माणूस येतो. पाणी मुरतं का, हे कुणी विचारत नाही. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत २०२० पासून ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला ही यंत्रणा सक्तीची आहे, म्हणजे शहरात असे हजारो खड्डे असणार. त्यातले किती जिवंत? यंत्रणा बंद पडलेल्या मिळकतींची सवलत काढून घ्यायची मोहीम महापालिकेने मध्यंतरी काढली, ते बरंच झालं. पण चालू आहे की बंद, एवढंच त्यातून कळणार. आमच्या वहीसारख्या दोनशे वह्या एका ठिकाणी आल्या, तर धनकवडीच्या दगडात कुठे पाणी मुरतं आणि कुठे नुसतं साचतं, याचा नकाशा फुकट तयार होईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, भूजलावर काम करणारी अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था पुण्यातली. वही न्यायला कुणी आलं तर मी चहाही देईन.

आता मुख्य मुद्द्यावर येते. खड्डा आम्ही काढला तो ७२० मिलिमीटरच्या हिशेबाने. पाऊस तसा येत नाही.

२५ जुलै २०२४. त्या दिवशी शिवाजीनगरच्या वेधशाळेत २४ तासांत ११४ मिलिमीटर नोंदला गेला. ताम्हिणीत साडेपाचशेच्या वर. खडकवासल्यातून पहाटे ३५ हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडावं लागलं, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरं बुडाली, आणि डेक्कनला पुलाच्या वाडीत तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. आमच्या गच्चीवर मी सरळ उभ्या कडांचा बिस्किटांचा डबा ठेवते, त्यात पट्टी चिकटवलेली. सकाळी वाचलं तर १०२. म्हणजे गच्चीवर ५५ हजार लिटर. खड्ड्यात खडी-गोटे भरल्यावर पाण्याला जागा उरते ती ४० टक्के, म्हणजे पावणेपाच हजार लिटर. बोअर तासाला दीड हजाराच्या आतच पिते. रात्रभरात सगळं मिळून फार तर २० हजार आत गेलं असेल. उरलेलं ३५ हजार, नेहमीसारखं, फाटकाखालून रस्त्यावर, रस्त्यावरून ओढ्याकडे.

संगीता त्या दिवशी दुपारी आली. पार्किंगमधल्या नव्या झाकणाकडे बघून तिने विचारलं, "काकू, आता तुमचं पाणी आमच्याकडं येणार नाही ना?"

मी म्हटलं, थोडं कमी येईल. ती काही बोलली नाही, भांडी घासायला घेतली.

पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात सर्वदूर अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, आणि त्याच वेळी मोसमी पावसाचं एकूण प्रमाण मात्र घटत होतं. एकूण कमी, पण येतो तेव्हा धो धो. टँकरही वाढणार आणि ओढाही फुगणार. माझ्या मुलीने चेन्नईत दोन्ही पाहिलं: २०१५ चा पूर मैत्रिणीच्या गच्चीवरून, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात बादलीभर पाण्यासाठीची रांग. तमिळनाडूत तर पावसाचं पाणी जिरवणं २००३ पासून सगळ्या इमारतींना सक्तीचं आहे. सक्तीने फरक पडतो, तिथल्या विहिरींना पाणी वाढलं होतं. पण खड्डा केवढा आणि कोणत्या पावसासाठी, हे विचारल्याशिवाय पुढचं गणित सुटत नाही.

आणि वेळापत्रक! हा माझा वादाचा मुद्दा. देखभालीच्या करारात लिहिलंय: "वार्षिक साफसफाई जूनच्या पहिल्या आठवड्यात." मृगाच्या आधी गच्ची झाडायची, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, तेव्हा सही करताना मलाही ते शहाणपणाचंच वाटलं. २०२५ मध्ये मान्सून पुण्यात २६ मे रोजीच दाखल झाला, आणि वळवाने त्याआधीच मे महिना धुऊन काढला होता. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, कृत्तिका नक्षत्र चालू असताना, आमच्या गच्चीवर सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा थर आणि त्यावर बदाबदा पाऊस. गाळणी तुंबली. पाइपात पाणी चढलं, गच्चीवर टाचेइतकं साचलं आणि बारा नंबरच्या बेडरूमच्या छतातून उतरलं. रात्री पावणेअकरा. ठेकेदाराचा फोन लागला, त्याला आणखी चौदा सोसायट्यांचे फोन येत होते. शेवटी बारा नंबरचा मुलगा आणि मी, छत्री बगलेत धरून, हाताने जाळी उपसली. सकाळी आठला तो स्वतः आला, लाजला, सगळं साफ करून दिलं. छताच्या रंगाचे साडेसहा हजार मात्र द्यायला तयार नाही. "मॅडम, करारात जून आहे. पाऊस मे मध्ये आला, त्यात माझा काय दोष?"

खरं सांगायचं तर त्याचा अर्धाच दोष आहे. करारातला जून माझ्याही सहीचा. पण हवामान ज्याचा धंदा, त्याने कॅलेंडरकडे नाही तर आभाळाकडे बघावं. नव्या करारात मी लिहून घेतलं: एक सफाई १५ मेच्या आत, दुसरी १५ जुलैला, तिसरी नवरात्राच्या आधी, आणि पावसाळ्यात सोनमोहराखालची जाळी आठवड्याला आमचा वॉचमन काढणार, त्याचे महिना तीनशे वेगळे.

मोठ्या पावसाचं काय करायचं यावर मात्र आमच्याकडे महाभारत झालं. मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबायचं, तिथलं पाणी भरतीच्या वेळी साठवून ठेवायला महापालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाणी काही तास धरायचं, जोर ओसरला की सोडायचं. मी म्हटलं, आपणही पार्किंगच्या कोपऱ्यात पाच हजार लिटरच्या दोन टाक्या बसवू. पहिला जोराचा सडाका त्यात, मग बारीक धारेने खड्ड्यात. पाइपांसह ६८ हजार. सभेत सात नंबरचे काका उठले: टाक्या घेतल्याच तर भरून ठेवू, गाड्या धुवायला पाणी होईल. मी म्हटलं, भरलेल्या टाकीत पुढचा पाऊस कुठे घालणार? ते म्हणाले, रिकामी टाकी ठेवायची असेल तर विकत कशाला घ्यायची?

हसू नका. खडकवासल्याला हाच पेच आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून २९ टीएमसी पाणी मावतं, पण खुद्द खडकवासल्यात दोन टीएमसीसुद्धा मावत नाही. धरण भरलेलं हवं, उन्हाळ्यात प्यायला. आणि जागाही हवी, पूर झेलायला. जुलैत ते भरू दिलं की एका रात्रीच्या पावसाने खालच्या घरांत पाणी. रिकामं ठेवलं आणि ऑगस्ट कोरडा गेला की पेपरात पाणीकपात. २०१५ च्या सप्टेंबरपासून पुण्याने दिवसाआड पाणी प्यायलेलं आहे, ते सगळ्यांना आठवतं. आमच्या पार्किंगमधली भांडणं आणि पाटबंधारे खात्यातली चर्चा यात फरक फक्त शून्यांचा.

तोडगा त्याच ठेकेदाराने काढला, म्हणून त्याला पुन्हा अर्धा तारा. टाकीला बुडाशी नाही, मध्यावर भोक पाडायचं, अर्धा इंचाचं, कायम उघडं. खालचे अडीच हजार लिटर काकांच्या गाड्यांना. वरचे अडीच हजार आपोआप रिकामे होत राहणार, पुढच्या सडाक्याला जागा करून. सभेत सध्या एकच टाकी मंजूर झाली आहे. ती १८ जूनला बसली. या पावसाळ्यात जोराच्या सात दिवसांपैकी चार दिवस फाटकाखालून पाणी गेलं नाही. उरलेले तीन दिवस गेलं. एकट्या आमच्या इमारतीने ओढ्याला काही कळणार नाही. आमच्या गल्लीत अशा चौदा इमारती आहेत, म्हणून तर हे लिहितेय.

जाता जाता एक, विषयाला थोडं सोडून. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जो दगडी नळ आणला तो आमच्याच बाजूने खाली जातो. हवेसाठी जागोजागी उच्छ्वास ठेवलेले, सगळा खेळ उताराचा, एकही पंप नाही. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी या चढावरचं पाणी खालच्या शहराची तहान होतं. आता खालच्यांना तेच पाणी रात्री जागं ठेवतं. असो.

तुम्ही करून घेणार असाल तर: गच्ची स्वतः मोजा. बोअरमध्ये पाणी ओतून दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. एका तासात ४० मिलिमीटर पडला तर तुमचा खड्डा किती घेईल, हे लेखी मागा. वार्षिक सरासरीचं उत्तर दिलं तर चहा पाजून वाटेला लावा. आणि झाडाची पानं कधी गळतात ते वॉचमनला विचारा, त्याला ठेकेदारापेक्षा जास्त माहीत असतं.

तारे: कामाच्या सफाईला आणि दगड बांधलेल्या टेपला पूर्ण गुण. "टँकरमुक्त" या शब्दासाठी अर्धा कापला. जूनच्या करारासाठी एक कापला, त्यातला अर्धा खरं तर माझा. पावणेअकराला फोन उचलून परत न केल्याबद्दल अर्धा. टाकीच्या भोकासाठी अर्धा परत. एकूण साडेतीन. साडेसहा हजारांतले निम्मे आम्ही सोसायटीतून दिले, निम्म्यांसाठी त्याला तीन आठवण-पत्रं गेली आहेत. चेक आला की चार करीन.